बिनखिळ्याचं झाड

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. फांदी खाचेवर ठेवली, अंगठ्याने दाबली, आणि ती अशी आत बसली की मधून केस जाणार नाही. पोरांना नद्या-डोंगर शिकवण्यात तू उगाच आयुष्य घालवलंस असं मला दर वेळी वाटतं आणि दर वेळी मी ते लिहिते, त्यामुळे तुला आता त्याचं काही वाटेनासं झालं असेल.

एक चांगली बातमी आहे. आपलं झाड प्रदर्शनात लागणार. कलादालनाच्या बाई घरी येऊन, चहा न पिता, अर्धा तास नुसत्या झाडाभोवती फिरल्या. झाडाखाली लावायला त्यांना चार ओळी हव्या होत्या. मी लिहून दिलं की हे झाड दोघा भावंडांचं आहे. बहीण जाड फांदीला खाच पाडते आणि पार्सलने भावाकडे धाडते. भाऊ ती खाच बघून पुढच्या फांदीचं टोक तासतो, म्हणजे खाचेत बसणारं कुसू करतो, आणि दोन्ही तुकडे परत पाठवतो. खिळा नाही, गोंद नाही. वडील ओतशाळेत लाकडी साचे करायचे, त्यांच्याकडून हे काम आलं आणि त्यांचा नियमही आला, की दुसऱ्याच्या कामाला आपली पटाशी लावायची नाही. बाईंना तो नियम फार आवडला. झाड कुठल्या जातीचं आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं डोक्यातल्या. त्यांना तो विनोद वाटला. लहान मेंदूतल्या ज्या पेशी मी दिवसभर मोजत असते त्या अशाच दिसतात, पसरलेल्या आणि चपट्या, हे कुठे सांगत बसू.

आता रडगाणं. लोकांनी मरताना दान केलेले मेंदू आमच्या प्रयोगशाळेत येतात, त्यांचे पापुद्र्यासारखे काप काढायचे, रंगवायचे आणि त्यात पेशी किती उरल्या ते बघायचं, एवढंच माझं काम. गेले कित्येक महिने माझे काप फाटतायत. पाती भिकार आली आहेत. दोनदा बदलून मागवली, आता भांडारवाला मला बघितलं की टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला लागतो. माझी मदतनीस त्याच पात्यांनी अख्खे काप काढते. नशीब एकेकाचं. आमच्या थोरल्या डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या आहेत त्या वेगळ्याच.

आईच्या आजारावरच्या नव्या औषधाच्या चाचणीची दुसरी तुकडी सुरू होतेय, पहिली गेल्या उन्हाळ्यात भरली. पाठीच्या कण्यात सुई देऊन ते औषध द्यायचं, आणि फक्त ज्यांचा आजार नुकता सुरू झालाय त्यांनाच. मी रोज त्या लोकांच्या तपासण्या घेते. कुणी भिंतीला हात लावून चालत येतं आणि मला आई दिसते. कप तोंडाशी नेता नेता तिचा हात पुढे निघून जायचा, आठवतं ना? तो आजार तुझ्या-माझ्यात आहे की नाही ते रक्तातून कळू शकतं, पण आपण तपासायचं नाही असं आई गेल्यावर ठरवलं. मला अजून ते पटतं.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी
खारू


१५ जानेवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेत, मधल्या सुट्टीत वाचलं. प्रदर्शनाचं वाचून इतका आनंद झाला की पुढच्या तासाला पोरांना गृहपाठ द्यायचा राहिला. त्यांनाही आनंद झाला. तुझ्या वहिनीने शिवणवर्गातल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं की तिच्या नवऱ्याचं लाकूडकाम प्रदर्शनात लागतंय. तुझं नाव तिने ओघात घेतलं म्हणे.

पात्यांचं ऐकलं. पाती बदलून झाली, आता स्वतःला चार दिवस सुट्टी देऊन बघ. चष्म्याचा नंबर तपासून किती वर्षं झाली? डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातेसच तर दुसऱ्याही एखाद्या चांगल्या डॉक्टरला प्रकृती दाखवून ये, सहज. तू दिवसभर लोकांना तपासतेस, तुला कोण तपासतं? थोरला भाऊ आहे, अशा सूचना करायचा मला हक्क आहे आणि त्या न ऐकायची तुला सवय आहे.

दोन गोष्टी मात्र ऐक. दालनात झाड लावताना शिडीवर तू चढू नकोस, तिथल्या माणसांना चढू दे. आणि फांद्या जशा जोडलेल्या आहेत तशाच राहू देत. हिची तिला, तिची हिला असं करू नकोस. प्रत्येक फांदी तिच्या तिच्या खाचेसाठीच केलेली आहे.

तुझी वहिनी आशीर्वाद लिहायला सांगते आहे. जेवणाची वेळ पाळ. पत्र पाठवत जा, चार ओळींचं का असेना.

तुझा
दादा


२ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या एकट्यासाठी आहे. शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठवते आहे म्हणजे दादाच्या हाती पडणार नाही. वाचून झालं की फाडून टाका. आणि वहिनी, आधी बसून घ्या.

परवा दालनात झाड लावत होतो. दादाने बजावलं होतं तरी मी शिडीवर चढले, आणि वरची एक जाड फांदी माझ्या हातून निसटली. खाचेजवळच फुटली. दुसऱ्या दिवशी लोक येणार, पार्सल करायला वेळ कुठला. दालनाच्या सुताराने तसलीच फांदी घेऊन यंत्रावर नवी खाच पाडून दिली, अगदी काटकोनात. तिच्यात दादाची फांदी बसेना. मी म्हटलं यंत्राची चूक असेल. काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला तर खाच बरोबर होती. दादाचं कुसू एका अंगाला कललेलं होतं.

वहिनी, माझा दादा गुण्या न लावता काटकोन कापायचा. बाबा गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचे. मी बाकीच्या फांद्या उपसून काढल्या. जुन्या सगळ्या सरळ आहेत. गेल्या दीडेक वर्षातल्या कललेल्या आहेत, आणि प्रत्येक फांदी आधीच्या फांदीपेक्षा थोडी जास्त. मला दुसरं काही येत नाही, म्हणून मी त्यांचा आलेख काढला. रेघ चढत जाते. अशी रेघ मी रोज बघते, आमच्या रुग्णांच्या हातांची. हात थांबायचं तिथे थांबत नाही, थोडा पुढे जातो.

मग या वाकड्या फांद्या माझ्या खाचांत इतक्या चपखल बसायच्या कशा, हा प्रश्न मला रात्रभर छळत होता. उत्तर एकच आहे. दादा माझ्या खाचा आतून खरवडून मोठ्या करतो आणि फांदी बसवतो. बाबांचा नियम मोडून. म्हणजे त्याला कळलेलं आहे, आणि तो आपल्यापासून लपवतोय.

तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवा. वळताना झोक जातो का, बटण लावायला वेळ लागतो का, फळ्यावरचे नकाशे पूर्वीसारखे येतात का. त्याला कळू देऊ नका. औषधाच्या चाचणीत जागा थोड्या आहेत आणि मार्चअखेर नोंदणी बंद होणार आहे. आईच्या वेळी आपल्या हातात काहीच नव्हतं. या वेळी आहे, आणि मला दुसरं काहीच सुचत नाहीये. मी दिवसभर हात धुते आणि पुन्हा आलेख काढते.

तुमच्या उत्तराकडे जीव लागला आहे. माझ्यावर राग धरू नका.

तुमची
खारू


१४ फेब्रुवारी

प्रिय खारूस,
आशीर्वाद.

तू बस म्हणालीस म्हणून बसले, ते मग उठवेना. वर्गातल्या बायकांनी पाणी दिलं. त्यांना वाटलं माहेरून काही आलं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे डोळ्यांत तेल घालून बघत होते. बघायला लागलं की सगळंच दिसतं गं. यांनी डब्याचं झाकण पाडलं, मी दचकले. पण झाकण हे गेली वीस वर्षं पाडतायत. बटण लावताना बघत उभी राहिले तर यांना वाटलं मला काही हवंय, आणि ते लाजले. शाळेत काहीतरी निमित्त काढून गेले आणि खिडकीतून फळा पाहिला. नकाशा छान होता. किनारा कसा काढला होता, एका झटक्यात. मी घरी येताना रस्त्याने रडत आले, की एवढा चांगला हात आता जाणार.

शेवटी माझ्याच हातून घात झाला. स्वयंपाकघरातल्या फरशीच्या जोडावरून यांना सरळ चालून दाखवा म्हटलं. खेळ आहे, वर्गात शिकवला, असं काहीबाही सांगितलं. हे चालले, अगदी सरळ चालले, टोकाला जाऊन वळले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं की हे तुला कुणी सांगितलं. मला खोटं बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझं पत्र मी फाडलं नव्हतं, ते दिलं.

यांनी उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं. मग विचारलं की खारूला नक्की काय वाटतंय, हा आजार कुणाला आहे असं वाटतंय. मी म्हटलं तुम्हाला. त्यावर पत्राची घडी घालून म्हणाले की तिला तसंच वाटू दे, ती हुशार आहे, ती म्हणते तर असेल. एवढं बोलून माझी समजूत काढत बसले. मला त्यांची काढायला पाहिजे होती.

मला ते आता जास्तच जपायला लागलेत. घरात हसतात, आणि मागच्या खोलीत तुझी लहानपणची एक खाच हातात घेऊन बसून राहतात. खारू, माझा धीर सुटत चाललाय. जे काय करायचं ते लवकर कर.

स्वतःला जप. आता तूच आहेस.

तुझी
वहिनी


१६ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तू म्हणतेस ते खरं आहे, फांद्या वाकड्या आहेत. माझ्याच हातच्या आहेत. आता यावर तुझ्या वहिनीला पत्रं लिहू नकोस, ती फरशीकडे बघत चालते आणि मला भीती वाटते की तीच पडेल.

मला काही विचारायचं आहे. भूगोलाचा मास्तर आहे, मेंदूतलं मला कळत नाही, तेव्हा सोपं करून लिही. हा आजार लागला आहे हे माणसाला स्वतःला कधी कळतं? फार उशिरा कळतं का? औषधाने गेलेलं परत येतं, की आहे ते टिकतं? जागा मिळायला काय अट आहे? आणि समजा तुमच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणाला हा आजार निघाला, तर त्या माणसाला जागा मिळते का?

सगळ्या प्रश्नांची उत्तरं दे, शेवटच्याचंसुद्धा. मी वाट बघतो आहे.

तुझा
दादा


२४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू कबूल केलंस म्हणून मला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची शरम वाटली.

जागा मिळाली. थोरल्या डॉक्टरांच्या दारात मी अक्षरशः ठाण मांडलं. त्यांनी ऐकलं, एका अटीवर, की तुझ्या तपासण्यांना मी हात लावायचा नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तू यायचंस. आधी रक्त घेतील. मग हाताची परीक्षा, त्यात गुण असतात, ठरलेल्या गुणांच्या पुढे आजार गेलेला असला तर घेत नाहीत. तुझे गुण पुढे जाणार नाहीत, वहिनींनी लिहिलंय तू फरशीवर सरळ चाललास. रजा टाक. मुख्याध्यापक कुरकुरले तर त्यांना माझं नाव सांग, मी येऊन भांडेन.

तुझे प्रश्न. स्वतःला फार उशिरा कळतं. हात चुकला की माणूस वस्तूला दोष देतो, कपाला, चपलेला, पायरीला. घरच्यांना आधी कळतं आणि ते बोलत नाहीत, हे मी इतक्यांदा पाहिलंय की मला त्या घरच्यांना बदडावंसं वाटतं. औषधाने गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकावं एवढीच आशा, म्हणूनच लवकर यायला हवं. एकेक महिना मोलाचा आहे. आणि आमच्याकडे काम करणाऱ्याला काम करता करता जागा मिळत नाही, आधी चाचणीच्या कामातून पूर्ण बाहेर पडावं लागतं. पण तुला त्याच्याशी काय करायचंय?

एक गोष्ट मनात ठेवत नाही. तू माझ्या खाचांना पटाशी लावलीस, त्याचं मला वाईट वाटलं. आजाराचं कळतं, लपवण्याचंही कळतं. पण मला खाच परत पाठवायची होतीस आणि लिहायचं होतंस की खारू, आता मला जमत नाही. मी तुला हसले असते का?

ये. मी स्टेशनवर उभी असेन.

तुझी
खारू


३ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

मी येत नाही. पत्र पूर्ण वाच, मध्ये थांबू नकोस.

तुझ्या एकाही खाचेला मी कधी पटाशी लावलेली नाही.

दीड वर्षापूर्वी तुझं एक पार्सल आलं. मी नेहमीसारखं कुसू केलं, सरळ, आणि ते आत जाईना. मला वाटलं माझं चुकलं. दुसरं केलं, तेही जाईना. मग पुठ्ठ्याची पट्टी खाचेत घालून बघितली, तर खाच आत जाता जाता कलली होती. आतून दिसत नाही ते, हाताला लागतं. म्हटलं दमली असेल, पटाशीला धार नसेल. खाच खरवडून सरळ केली असती तर बाबांचा नियम मोडला असता. परत पाठवून तुला लिहावं म्हणून पत्र लिहिलं, आणि फाडलं. शेवटी कुसूच कललेलं कापलं, तुझ्या खाचेला जुळेल असं. तुझं पत्र आलं की मधून केस जाणार नाही. मला इतकं बरं वाटलं, खारू.

पुढची खाच त्याहून कललेली आली. त्याच्या पुढची आणखी. मी प्रत्येक वेळी पुठ्ठा घालून माप घेतलं आणि तेवढंच वाकडं कापलं. सरळ कापायला हात लागतो, तसं वाकडं कापायला जास्त लागतो. मी मन लावून वाकडं कापत होतो. तुझ्या आलेखात जी रेघ चढते आहे ना, ती तुझी आहे. मी फक्त तिच्यामागून गेलो.

मला कधी कळलं म्हणशील, तर तिसऱ्या खाचेला कळलं. आईचा कप मलाही आठवतो. पण तू पत्रात पात्यांवर चिडायचीस, जिन्याच्या पायऱ्या उंचसखल बांधल्यात म्हणायचीस, आणि मी मूग गिळून बसायचो. आपण तपासायचं नाही असं ठरवलं होतं, त्याच्यामागे मी लपलो. वाटलं, जितके दिवस तिला माहीत नाही तितके दिवस ती सुखात आहे.

तुझं वहिनीला आलेलं पत्र वाचलं तेव्हा पहिला विचार आला की असंच राहू दे. आजार मलाच आहे असं तिला वाटू दे. मी तुझ्याकडे येणारही होतो, सुई घेणार होतो. मग लक्षात आलं की रक्तात सगळं कळेल, आणि तोपर्यंत जी जागा तू माझ्यासाठी भांडून घेतलीस ती वाया जाईल. ती जागा तुझी आहे. काम सोड आणि ती घे. महिना मोलाचा असतो हे तूच लिहिलंस.

तुझ्या वहिनीला आज सांगितलं. आधी ती माझ्यासाठी रडत होती, आता तुझ्यासाठी रडते आहे. मधे एक क्षण हायसं वाटून तिचा चेहरा सुटला, आणि तो मी पाहिला हे तिला कळलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

मला हा आजार असता तर फार बरं झालं असतं. हे मी उगाच म्हणत नाही.

लगेच उत्तर लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

तुझा
दादा


२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी एकामागून एक पाच पत्रं आली. उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून दिलं नाही.

तुझं पत्र वाचून मी दालनात गेले आणि माझ्या सगळ्या खाचांत पुठ्ठा घालून बघितला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे हात मोजतेय आणि माझ्या खाचेत मी एकदाही पट्टी घातली नव्हती. फांदी चपखल बसत होती, मग कशाला घालू? मग प्रयोगशाळेत जाऊन मदतनीसला विचारलं की पाती खरंच वाईट होती का. ती म्हणाली, पाती चांगली होती. तीसुद्धा माझे फाटके काप टाकून देऊन स्वतःचे माझ्या खणात ठेवत होती. तुम्ही सगळे इतके प्रेमळ आहात की मला कुणी काही सांगितलंच नाही.

रक्त दिलं. मला आहे.

काम सोडलं, त्याच दिवशी. थोरले डॉक्टर उठून उभे राहिले. मग हाताची परीक्षा झाली. बोट आपल्या नाकाला लावायचं आणि मग समोरच्याच्या बोटाला, पुन्हा नाकाला. मी ही परीक्षा एवढ्या लोकांची घेतली आहे की गुण कुठे चढतात, हात कुठे रोखला की चढत नाहीत, हे मला पाठ आहे. जरा सावकाश केलं असतं तर निभावून नेता आलं असतं. दादा, मी नाही रोखला. त्या आकड्यांवरून उद्या कुणाला तरी औषध द्यायचं की नाही ते ठरणार आहे. त्यात मी माझा खोटा आकडा घालू शकले नाही. एका गुणाने मर्यादेबाहेर गेले.

ती जागा एका बस चालवणाऱ्याला मिळाली. त्याच्या दोन मुली बाहेर बाकावर बसल्या होत्या.

एक गुण म्हणजे किती, हे मला सांगता येतं, तेच तर माझं काम होतं. साताठ महिने. दीड वर्षापूर्वी तू ते फाडलेलं पत्र पाठवलं असतंस तर मी गेल्या उन्हाळ्यातच पहिल्या तुकडीत आत असते. हे मी तुला लिहू नये असं वाटत होतं म्हणून महिनाभर गप्प राहिले. पण न लिहिलं तर मीही तेच केल्यासारखं होईल, जे तू केलंस. तुझ्यावर माझा इतका राग आहे की रात्री उठून बसते, आणि उठून बसले की पहिल्यांदा तुलाच हाक मारावीशी वाटते. या दोन्हींचं काय करायचं ते मला कळत नाही.

थोरल्या डॉक्टरांनी मला मोजणीवर परत घेतलंय, चाचणीवर नाही. काप मदतनीस काढते, मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते. डोळे अजून चांगले आहेत, चष्मासुद्धा बदलावा लागला नाही, तू उगाच टोमणा मारला होतास. संध्याकाळी लाकडावर बसते. खाच पाडते. आता मला माहीत आहे की ती वाकडी जाते, तरी सरळ नेता येत नाही.

तुला दोन कामं सांगते. एक, स्वतःचं रक्त तपासून घे. आता न तपासण्यात काही अर्थ उरला नाही. दुसरं, सोबत खाच पाठवते आहे. तिला जुळवून घेऊ नकोस. गुण्या लावून सरळ काप. माझा हात कुठपर्यंत गेलाय ते मला दिसलं पाहिजे, आणि ते दाखवायला तुझ्याशिवाय मला कुणी नाही. वाकडं कापून पाठवलंस तर मी पुन्हा तुला पत्र लिहिणार नाही.

वहिनींना सांग, चेहरा सुटला त्यात त्यांची काही चूक नाही. माझासुद्धा सुटला असता.

लोभ कमी झालेला नाही, तेवढं समजून अस.

तुझी
खारू


२० एप्रिल

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. माफी मागायला बसलो होतो, पण ती मागितली की तुला मलाच धीर द्यावा लागेल, म्हणून मागत नाही.

रक्त तपासलं. मला नाही. तिथल्या बाईंनी अभिनंदन केलं आणि हात पुढे केला. मी तो हातात घेतला, कारण त्यांची काही चूक नव्हती. बाहेर येऊन बाकावर बसलो. तुझी वहिनी शेजारी बसून राहिली. आम्ही दोघं घरी आलो आणि घरात कुणी गेल्यासारखे वेगवेगळ्या खोल्यांत बसलो. आता ती बोलते आहे. तिने वर्ग बंद ठेवलाय आणि ट्रंक भरते आहे. परीक्षा संपल्या की आम्ही दोघं तुझ्याकडे येतो आहोत. किती दिवसांसाठी असं विचारू नकोस. तिला तुझ्या घराच्या भिंतींना कठडे लावून घ्यायचे आहेत. तू नको म्हणशील, पण ते तिच्याशी भांड, माझं ती ऐकत नाही.

दुसरं काम केलं. पहिल्यांदा हात आपोआप कलता गेला, इतकी सवय झाली होती. ती फांदी चुलीत घातली. दुसरीला प्रत्येक बाजूने गुण्या लावला आणि सरळ कापली. दोन्ही तुकडे सोबत आहेत, वेगवेगळ्या कागदांत बांधलेत. पुठ्ठा मी तुझ्या खाचेत घातला नाही, माप तूच घे.

पाठवण्याआधी एकदा बसवून पाहिली, खारू. बसत नाही.

आशीर्वादाशिवाय माझ्याजवळ काही नाही, ते घे.

तुझा
दादा